होडीला कुठली बॅटरी?

दर रविवारी आमच्याकडे मासे घेऊन येणाऱ्या ताई नाशिकच्या पश्चिमेकडच्या धरणात जाळं टाकतात. पूर्वी त्यांचे यजमान होडी वल्हवायचे आणि ताई जाळं ओढायच्या. यजमानांचा उजवा खांदा निखळला, नीट बसलाच नाही, तेव्हापासून ते काठावर बसून राहायचे आणि दोन्ही कामं ताई एकट्या करायच्या.

एका रविवारी पिशवीत मासे टाकता टाकता त्यांनी मला विचारलं, "सर, भाच्यानं होडीला लावायची विजेची मोटर आणून दिलीय. तिला बॅटरी कुठली घेऊ? तुम्ही सायन्स शिकवायचे ना?"

निवृत्त झाल्यापासून मला कुणी काही विचारलं नव्हतं. मी क्षणाचाही विचार न करता सांगून टाकलं, "ट्रकची घ्या. चांगली दांडगी असते."

महिनाभर सगळं छान चाललं. मग एका सकाळी, समोरून वारा सुटलेला असताना, मोटर भर पाण्यात थांबली. वल्ही घरी राहिलेली. होडीतल्या फळीने पाणी मारत मारत ताई काठाला लागल्या तेव्हा दुपार झाली होती. रविवारी आल्या तेव्हा त्यांच्या तळहातांना पट्ट्या बांधलेल्या होत्या. त्या रागावल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "बॅटरी नवी होती, रोज चार्ज करीत होते. मग मेली कशी?"

 तो प्रश्न मला रागावण्यापेक्षा जास्त लागला.

दुसऱ्या दिवशी ती मेलेली बॅटरी रिक्षात घालून आम्ही दोघं नाशिकच्या द्वारका चौकाजवळ, बॅटऱ्या दुरुस्त करणाऱ्या एका चाचांकडे गेलो. चाचांनी आमचं ऐकून घेतलं आणि बॅटरीचं झाकण कापायला घेतलं. तळाशी तपकिरी चिखल साचला होता.

"हा शिशाच्या पत्र्यांवरचा मसाला, वीज यातच साठते," चाचा म्हणाले. "सगळा झडून गेला. पत्रा बघा, किती पातळ हाय. गाडीला सेल्फ मारताना एकदम जोर लागतो, म्हणून पातळ पातळ पत्रे जास्त बसवतात. दोन सेकंदाचं काम. नंतर इंजिनच तिला परत भरतं. तुम्ही तिला रोज खोलवर उपसली, ताई. ती त्यासाठी बनलीच नाय."

मग त्यांनी कोपऱ्यातून ई-रिक्षाच्या बॅटरीचा एक जुना पत्रा आणला. तो मी हातात घेऊन पाहिला. चांगला जाड, वजनदार. मी फळ्यावर शेकडो वेळा बॅटरी काढली होती. दोन उभ्या रेघा, मध्ये आम्ल. त्या रेघांना जाडी असते आणि सगळा फरक त्या जाडीत असतो, हे मला त्या दुकानात कळलं.

"मग हीच द्या," ताई म्हणाल्या.

"अशी नाय देत. मोटर किती अँपिअर खाते? रोज किती वेळ चालते?"

ते आम्ही कधी मोजलंच नव्हतं.

"आधी मोजून या," चाचा म्हणाले, आणि एक भरलेली ई-रिक्षाची बॅटरी आणि तारेला चिमटा लावून करंट दाखवणारा मीटर त्यांनी आम्हाला चक्क उसना दिला.

दुसऱ्या सकाळी मी आयुष्यात पहिल्यांदा त्या धरणात होडीत बसलो. बॅटरी मोटरशेजारी ठेवली तर मागची बाजू इतकी खाली गेली की पाणी होडीच्या काठाशी आलं. म्हणून ती मधोमध सरकवली आणि जाड, लांब तारा जोडल्या. मी मांडीवर वही घेऊन आकडे लिहीत होतो. शांत पाण्यात अठरा, वाऱ्यावर तीस. सरासरी पंचवीस अँपिअर धरले. जाळी टाकून परत यायला दोन तास. म्हणजे रोजचे पन्नास अँपिअर-तास.

"पन्नास लागतात ना? मग शंभरची घ्या," दुकानात परत गेल्यावर वही बघून चाचा म्हणाले. "रोज अर्धीच वापरा. खूप दिवस टिकेल."

मी मात्र रात्रभर वाचून आलो होतो. "लिथियमची घेतली तर? वजन एकदम कमी."

"चांगली असते. चार्जर वेगळा लागेल."

ताईंनी विचारलं, "ती बिघडली तर तुम्ही अशी उघडून दुरुस्त कराल?"

"ती नाय उघडत मी."

"मग नको," ताई म्हणाल्या. माझ्या वाचनाचा निकाल एका प्रश्नात लागला, आणि मला तो पटलाही.

ई-रिक्षाची शंभरची बॅटरी घेतली. झाकणाच्या खोक्यात घालून पट्ट्याने होडीला बांधली, म्हणजे होडी कलली तरी ती हलणार नाही. वल्ही आता कायम होडीतच असतात.

त्यानंतर एका सकाळी मी मुद्दाम बघायला गेलो. ताईंचे यजमान काठावर नव्हते. ते होडीत मागे बसले होते, डाव्या हातात मोटरचा दांडा. वल्ही मारायला दोन खांदे लागतात, दांडा वळवायला एक हात पुरतो, हे ताईंच्या मनात पहिल्या दिवसापासून असणार. मला त्यांनी कधी सांगितलं नव्हतं.

"हळू, पुढं जाळं हाय," ताई ओरडल्या.

"दिसतंय मला," ते म्हणाले, आणि होडी अगदी अलगद जाळ्याच्या कडेने वळवली. ताई वाकून दोरी ओढू लागल्या.