खोली दुपारी दोनला मिळेल

आज सकाळी सहाला मी आणि पत्नी मँचेस्टरला उतरलो. मुलाने आमच्यासाठी हॉटेल ठरवले होते, पण खोली दुपारी दोनला मिळणार होती. हिचे गुडघे विमानात सुजले होते, म्हणून मी मुलाला फोन लावला.

"बाबा, लॉबीत बसा ना. आत्ता घरी आलात तर बाळ उठेल."

"तुझ्या आईला आडवे व्हायचे आहे."

"मग रिसेप्शनला रिक्वेस्ट करा."

हिने नातवासाठी शिवलेली गोधडी बॅगेतून काढली आणि स्वतःच्या गुडघ्यांखाली घेतली.

मंडळी, हे लॉबीतल्या संगणकावरून लिहितो आहे. हॉटेलचा नियम मला मान्य आहे, कारण तो परक्यांसाठी केलेला असतो. मुलाच्या घरालाही तो लागू होतो का?

गोधडी आता नातवाला द्यायची का, असे ही विचारते आहे. तिला काय उत्तर देऊ?