शाईचे ठिपके

स्लाइड हातात आली की मॅडम ती आधी खिडकीकडे धरत. मायक्रोस्कोप समोर असायचा, त्याचा दिवा लागलेला असायचा, तरी दोन बोटांत काच धरून त्या डोळे बारीक करत आणि म्हणत, “आधी साध्या डोळ्यांनी. स्वल्प थांबलं तर काही बिघडत नाही.” ही लकब मी रोज पाहिली, आणि तरी एकदा साध्या डोळ्यांना दिसलेली गोष्ट त्यांच्यापासून लपवली. ते आधीच सांगून टाकतो. नाहीतर त्यांचं पुढचं कौतुक माझ्या तोंडून ऐकताना तुमची फसवणूक होईल.

त्या बेंगळुरूतल्या एका कॅन्सर रुग्णालयात पॅथॉलॉजिस्ट होत्या, म्हणजे पेशंटला सहसा न भेटणाऱ्या डॉक्टर. सर्जनने काढलेल्या गाठीचे पातळ काप रंगवून काचेवर येत, आणि गाठ साधी की कॅन्सरची हे त्या सांगत. स्तनाचा कॅन्सर हा त्यांचा जन्माचा विषय. मी महादेवपुऱ्यातल्या एका कंपनीतला इंजिनिअर. काचा स्कॅन करून कॅन्सर ओळखायला कम्प्युटरला शिकवायचं, असा त्यांचा आणि आमचा प्रकल्प होता. पहिल्या दिवशी माझं आडनाव ऐकून त्या म्हणाल्या, “मराठी काय? सरी, मग आधी जेवून घे.” त्यांचं घराणं कित्येक पिढ्या इथलं, पेठेत कापडाचं दुकान. मी नाशिकहून आलेला, दिवसभर हिंदी-इंग्रजीत वावरणारा. ‘ठीक’ला ‘सरी’ म्हणणारी त्यांची कानडीत मुरलेली मराठी ऐकायला मला बरं वाटे. विभागात तोंडावर सगळे त्यांना मॅडम म्हणत, पाठीमागे अक्का.

तरुणपणी त्यांनी एक विलक्षण सवय लावून घेतली होती. मॅमोग्रामवर, म्हणजे स्तनाच्या एक्स-रेवर, कधीकधी मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसतात, आणि नुसत्या त्या संशयावरून तुकडा काढावा लागतो. असा तुकडा आला की अक्का तो ट्रेमध्ये घेऊन स्वतः जिना उतरत, एक्स-रे विभागात जाऊन त्याचा पुन्हा फोटो काढायला लावत. कण तुकड्यात आले असतील तर ठीक; नाहीतर त्या तिथूनच सर्जनला फोन करत. तिथले बुजुर्ग डॉक्टर त्यांना दारात बघून म्हणत, “आली वरपक्षाची मंडळी. आता यांचा मानपान करा.” अक्का हसत नसत. म्हणत, “फोटोत आहे ते काचेवर नसेल तर आपल्या दोघांतला एक खोटं बोलतोय. मी असेन तर मला आजच कळू दे.” कुठल्या आकाराच्या कणांमागे काय दडलेलं असतं, यावरचं त्यांचं पहिलं संशोधन अशा जिन्यावरच्या चकरांमधून झालं. तेव्हा लोकांना तो विक्षिप्तपणा वाटे. आता तिथे ती शिस्त झाली आहे.

एकदा आनेकलहून एक बाई थेट विभागात येऊन उभी राहिली. कपड्यांच्या कारखान्यात शिवणकाम करणारी. दोन बस बदलून आली होती आणि रिपोर्टमध्ये काय आहे ते कुणी धड सांगत नव्हतं. दुसऱ्या कुणी तिला खाली पाठवलं असतं. अक्कांनी तिला स्टुलावर बसवलं आणि तिचीच स्लाइड मायक्रोस्कोपखाली लावून दाखवली. गुलाबी-जांभळे रंग बघून ती कानडीत म्हणाली, हे तर साडीसारखं आहे, मग वाईट कसं? अक्कांनी तिला तिच्याच भाषेत समजावलं, की रंग चांगलाच आहे, पण शिवण बघ. इथे टाके ओळीत आहेत, आणि इथे कसेही पडलेत. बाईने पुन्हा डोळा लावला, बराच वेळ पाहिलं आणि मान हलवली. शिवणारीला ते कळलं. जाताना तिने विचारलं की हे उसवता येतं का. अक्का म्हणाल्या, “येतं. वेळेवर आलीस.” ती गेल्यावर त्या मला म्हणाल्या, “हिच्यासारख्यांना रिपोर्टसाठी तीनतीन आठवडे थांबावं लागतं. म्हणून तुझं यंत्र पाहिजे मला. नाहीतर माझे डोळे पुरेसे आहेत.”

आता माझी गोष्ट.

शिकाऊ डॉक्टर स्लाइड बघताना संशयाच्या जागी काचेवर पेनाने ठिपका ठेवत, म्हणजे मॅडमना ती जागा पटकन सापडे. स्कॅन करण्याआधी तो ठिपका स्पिरिटने पुसायचा, आणि ते काम माझं होतं. जुन्या पेट्यांमधल्या काचांवरची शाई वाळून घट्ट बसलेली असे. पुसताना बोटं दुखत, पेट्यांची चळत संपत नसे, वरून कंपनीची घाई. मी पुसणं सोडून दिलं. काचा तशाच स्कॅन केल्या.

यंत्र अप्रतिम चाललं. मॅडम हरखल्या. हैदराबादच्या परिषदेत निबंध वाचायचं ठरलं. परिषदेच्या आदल्या आठवड्यात एका दुपारी यंत्राने एका निरोगी स्लाइडवर लाल चौकट काढली. बघतो तर तिथे चुकून पडलेला पेनाचा ठिपका. मी दुसऱ्या निरोगी काचेवर मुद्दाम ठिपका काढला. पुन्हा लाल चौकट. आमचं यंत्र कॅन्सर ओळखतच नव्हतं, शाई ओळखत होतं. मी दोन्ही काचा पुसून जागेवर ठेवल्या आणि घरी गेलो. हैदराबादला टाळ्या वाजल्या, तेव्हा मीही वाजवल्या.

यंत्र जिल्ह्याच्या रुग्णालयांत पाठवायची बोलणी सुरू झाली. सगळे तयार होते, अक्का अडून बसल्या. दुसऱ्या रुग्णालयातून नव्या काचा मागवल्या, कुणाच्याही पेनाचा स्पर्श नसलेल्या, आणि त्या यंत्राला दिल्या. उघडउघड कॅन्सर असलेल्या स्लाइड त्याने निरोगी म्हणून पुढे ढकलल्या. कारण शोधायला त्यांना फार वेळ लागला नाही. मला बोलावून विचारलं, “तू काचा पुसल्या होत्यास ना?”

मी म्हणालो, “पुसल्या होत्या मॅडम. नंतर कुणी परत ठिपके काढले असतील तर मला कळलं नाही.”

“सरी,” त्या म्हणाल्या.

पुढच्या परिषदेत त्यांनी निबंध मागे घेतला. व्यासपीठावरून सांगितलं, “यंत्र आमची शाई शिकलं. देखरेख माझी होती, चूक माझी आहे.” एक ज्येष्ठ डॉक्टर म्हणाले, बाई, यंत्र पेनाच्या दुकानात ठेवा, खपेल. सभागृह हसलं. त्याही हसल्या, आणि मग पुन्हा असं होऊ नये म्हणून काय करायचं ते न अडखळता पुढे सांगत गेल्या. मी मागच्या रांगेत होतो.

परत आल्यावर त्यांनी सगळं पहिल्यापासून सुरू केलं. स्वतः स्पिरिटचा बोळा घेऊन आमच्यात बसत. निवृत्त होईपर्यंत नवं यंत्र उभं राहिलं. ते निदान करत नाही. संशयाच्या स्लाइड उचलून ढिगाच्या वर ठेवतं, इतकंच. पण आनेकलच्या त्या बाईसारख्या बायकांना आता तीन आठवडे थांबावं लागत नाही.

गेल्या हिवाळ्यात मी त्यांच्या यशवंतपूरच्या घरी गेलो. त्या आणि त्यांची बहीण भिजवलेले अवरेचे, म्हणजे पावट्याचे, दाणे बोटांत दाबून सालं काढत बसल्या होत्या. माझ्यापुढेही एक वाडगा सरकवला. थोडे दाणे सोलून झाल्यावर मी सगळं सांगितलं. त्यांची बोटं थांबली.

“मी तुला विचारलं होतं.”

“हो.”

“तू पुसल्या म्हणालास, म्हणून मी एका शिकाऊ डॉक्टर मुलीला नको ते बोलले. पुसलेल्या काचांवर परत ठिपके का काढलेस म्हणून. ती शपथेवर नाही म्हणत होती. रडली. आता ती आपल्या विभागात शिकवते, आणि माझ्याशी अजून जपून बोलते.”

हे मला माहीत नव्हतं. मी सॉरी म्हणायला लागलो, त्यांनी हात वर केला.

“इथे नको. इथे बोललास की तुला हलकं वाटेल आणि तू घरी जाशील. तिथे जाऊन सांग, सगळ्यांसमोर.”

“तुम्हीही चला मॅडम.”

“मी आले तर तू माझ्याकडे बघून बोलशील.”

पुढच्याच आठवड्यात गेलो. विभागाच्या खोलीत नवे शिकाऊ डॉक्टर आणि आमच्या कंपनीची माणसं बसली होती. मॅडम जिला नको ते बोलल्या होत्या, त्या डॉक्टर पहिल्या रांगेत होत्या. कशासाठी बोलावलंय ते त्यांना माहीत नव्हतं. अक्कांची खुर्ची आता दुसऱ्या कुणाची होती. मी त्या डॉक्टरांकडे बघून बोललो.

“ठिपके पुसायचं काम माझं होतं. मी पुसले नाहीत. यंत्र काय शिकलंय ते मला परिषदेआधी कळलं होतं, आणि मी गप्प बसलो. मॅडमनी विचारलं तेव्हा खोटं बोललो, आणि ते खोटं तुमच्या अंगावर गेलं. तुम्ही खरं सांगत होतात. मॅडमनी जी चूक आपली म्हणून सांगितली, तीही माझीच होती. तुम्हा दोघींची मी माफी मागतो.”