कांद्याच्या ढिगातली नळी

माझी थोरली बहीण सिनेमात हिरॉईन होती. चार-पाचच सिनेमे केले, मग लग्न करून नाशकात आली, इंदिरानगरला राहिली. सत्तरी उलटली तरी लोक तिच्याकडे यायचे ते एका जुन्या गाण्यात ती किती सुंदर दिसली होती तेच सांगायला. ताई हसून चहा द्यायची आणि ते गेले की म्हणायची, "मेल्यांनो, त्यानंतर पन्नास वर्षं मी काय झोपले होते?"

झोपली नव्हती. नामपूरला तिच्या सासरची कांदा साठवायची चाळ आहे. ढीग वरून खडखडीत कोरडा, आणि आत सड लागलेली. वास येईपर्यंत अर्धा माल गेलेला. ताईने त्यावर एक नळी तयार केली. ढिगात खुपसायची; टोकाला ऊब आणि ओल ओळखणारा सेन्सर, आत नासायला लागलं की बाहेर लाल दिवा. डोकं सगळं तिचं. वायरिंगसुद्धा बोटं भाजून घेत स्वतः शिकली. मी ओझरच्या विमान कारखान्यातला रिटायर्ड टर्नर, ती सांगेल तशी नळी लेथवर कातून द्यायचो, बास. दोन उन्हाळे खपलो. पहिल्यांदा दिवा लागला, ढीग उकरला, आणि नेमके तिथेच पाच-सात कांदे नासलेले निघाले. तेव्हा ही बाई चाळीपुढे फुगडी घालायचीच काय ती बाकी होती!

तिला एकच हवं होतं. कुणीतरी जाणत्या माणसाने विचारावं, हे कसं सुचलं तुम्हाला?

शेती प्रदर्शनात आम्हाला स्टॉल मिळाला. आयोजकांनी ताईला पाहिलं मात्र, लगेच शाल, श्रीफळ, फोटो, "मॅडम, त्या गाण्याच्या दोन ओळी!" तेवढ्यात शेती खात्याचे एक अधिकारी नळीपाशी आले. ताई शेजारीच उभी. त्यांनी विचारलं ते मला. "साहेब, हे कसं सुचलं तुम्हाला?"

आणि मी गाढव सांगत सुटलो! जन्मभर मान खाली घालून नळ्या कातल्या, साहेब कुणी म्हटलं नव्हतं. हुरळली मेंढी लागली लांडग्याच्या पाठी. अर्धा तास बोललो, ताईचा एका शब्दाने उल्लेख केला नाही.

परतताना गाडीत एवढंच म्हणाली, "तू तरी सांगायचं होतंस रे."

"अगं, पुढच्या वेळी सांगतो की!"

कसली पुढची वेळ! त्याच थंडीत ताई गेली.

शोकसभेत जो तो गाण्यावरच बोलला. शेवटी मला उभं केलं. मी बोललो. "ती नळी माझी नाही. डोकं तिचं, कष्ट तिचे. मी त्या दिवशी खोटं बोललो."

सभा हळहळली. एका गृहस्थांनी माझा हात हातात घेतला. "काका, काय माया ही बहिणीवर! स्वतःचं श्रेय असं कोण देतं हो?"

"अहो, खरंच तिचं होतं!" मी ओरडलो.

तर त्यांनी मला पाणी पाजलं आणि खुर्चीत बसवलं.