मुलीबरोबर स्टेजवर
चांभाराकडच्या सोल्युशनचा वास आला की मला रायपूरचा तो मेळावा आठवतो. परग्रहांच्या सिनेमांची वेडी पोरं तिथे सोंगं घेऊन आली होती. माझ्या मुलीने त्याच सोल्युशनने फोम चिकटवून अंतराळवीराचा पोशाख केला होता. तिचं नाव पुकारलं आणि तेवढ्यात टोपाची काच तिच्याच श्वासाने धुरकटली. "आई, कुछ नहीं दिख रहा. तू साथ चल." "मी नाही बापा, इतके लोक पाहून राहिले." "फिर मैं गिर जाऊँगी." मी डोक्यावर पदर घेतला आणि तिचा हात धरून स्टेजवर चढले. माइकवाल्याने मलाच विचारलं, "दीदी, आप किस ग्रह से?" मी आमचा मोहल्ला सांगितला, "तात्यापारा से." सगळे हसले, टाळ्या वाजल्या, मुलगी न पडता खाली उतरली. इतक्या लोकांत मी पुन्हा कधी बोलले नाही, पण त्या उत्तराची मला आजही लाज वाटत नाही.