तसबिरीपासून एक वीत

मिलिंदचा फोन आला तेव्हा मी लातूरला घरी भाकरी थापत होते. "मावशी, माय गेली. झोपेतच," एवढंच तो बोलला. नांदेडला पोचेपर्यंत मला रडू आलं नाही. आक्काला अंघोळ घालून बायका पांढरं झंपर चढवत होत्या. उजव्या बाहीत हात जाईना, तसा कुणीतरी ओढला आणि मी म्हणून गेले, "हळू गं, तिचा खांदा दुखतोय..." ओढणारीनं बाही सोडली. मग मात्र मला सावरता आलं नाही.

आक्का माझी थोरली बहीण. उमरीच्या शाळेत शिक्षिका होती. उंचीनं चांगली थोराड, आणि हट्टी तर विचारू नका. नांदेडचं घर बांधलं तेव्हा भावजींनी बुद्धांची तसबीर दारासमोरच्या भिंतीवर पार उंच लावली. ते गेल्यावर दर पौर्णिमेला सून हार ओवायची आणि आक्का टाचा उंचावून दोन्ही हातांनी तो घालायची. या कामाला तिनं दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. पुढं शुगर वाढली, उजवा खांदा धरला. वेणीसुद्धा सून घालू लागली.

व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी घरी काय करायचं ते नीट सांगितलं होतं. आधी गरम पाण्याच्या पिशवीनं शेकायचं. मग डावा हात टेबलाला टेकून वाकायचं आणि उजवा सैल सोडून सावकाश गोल फिरवायचा. शेवटी भिंतीला बोटं लावून मुंगीसारखी वर चढवायची. ताण बसला की थांबायचं, झटका द्यायचा नाही. आक्कानं भिंत निवडली ती तसबिरीखालचीच. शेजारणींनी सांगितलेलं तेलही ती इमानेइतबारे चोळायची, त्यामुळे भिंतीवर तेलकट बोटांचे डाग चढत गेले.

मिलिंद म्हणाला, "माय, तसबीर खाली घेतो. न्हाई तर हार मी घालतो."

"तसबीर हाय तिथंच ऱ्हाईल. हात वर जाईल."

मी फोनवर डाफरायचे, तर म्हणायची, "पुढल्या पौर्णिमेला बघ." पौर्णिमा येत गेल्या आणि जुना हार तसाच वाळत राहिला. फुलं काळी पडली, पाकळ्या खाली गळू लागल्या. एकदा मी गेले तर ती भिंतीला कपाळ टेकून उभी, डोळ्यांतून पाणी, हात वरच. "लई दुखून राहिलं गं. पण बोटभर वर गेला." खरंच गेला होता. खांदा सुटत चालला होता, आणि नेमकी तेव्हाच ती गेली... मला तिच्या मरणाचा राग येतो तो यासाठी. तिला अजून थोडेच दिवस हवे होते.

आक्कासाठीच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाआधी मिलिंदनं घराला रंग द्यायचं काढलं. सून म्हणाली, "ती भिंत राहू द्या." सगळ्यात वरचा डाग तसबिरीच्या वीतभर खाली आहे. कार्यक्रमाच्या सकाळी मिलिंदनं वाळका हार उतरवला आणि नवा घातला. तो नेहमीपेक्षा लांब दिसला म्हणून मी सुनेकडे पाहिलं. तिनं मान खाली घातली. हाराचं टोक आक्काच्या बोटांच्या डागावर टेकलं होतं.