घुम्याची पाकिटं

धाकट्या भावाच्या कविता छापून आल्या तेव्हा ताईला आधी रागच आला. सगळा जन्म एका घरात काढला, आणि याचा पत्ता नाही.

"मेल्यानं एका शब्दानं सांगितलं नाही!" ती म्हणाली, आणि लगेच जीभ चावली. त्याला जाऊन जेमतेम वर्ष झालं होतं.

चौतीस वर्षं तो चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासत होता. तिथं सगळे त्याला घुम्या म्हणत. संध्याकाळी घरी यायचा तेव्हा बोटांना काचेची पांढरी भुकटी लागलेली असायची. हात धुवायचे, चहा घ्यायचा, खिडकीशी बसायचं. ताई दिवसभराचं सगळं सांगायची आणि तो "हं" म्हणायचा. त्या "हं"चे पाच-सहा प्रकार होते, ताईला ते सगळे कळायचे. आता पोळ्या लाटता लाटता ती काहीतरी बोलून जायची आणि लाटणं थांबवून वाट बघायची.

त्याची पेटी उघडली ती वरच्या खोलीतल्या भाडेकरू पोरीनं. साहित्यात एम.ए. झालेली. जिन्यात उभं राहून तो रोज दोन मिनिटं बोलायचा तो फक्त तिच्याशी. पेटीत चष्म्याच्या काचा ज्यांत यायच्या ती रिकामी पाकिटं निघाली. शेकड्यांनी. उलगडून सपाट केलेली, आणि आतल्या कोऱ्या बाजूला कविता. पोरीनं त्या उतरवून काढल्या, दारोदार फिरून प्रकाशक गाठला. पुस्तक झालं.

मग पत्रं यायला लागली. एका प्राध्यापकांनी चार पानं लिहिली. या सगळ्या कवितांमागे एकच हरवलेली प्रेयसी आहे, असं त्यांचं म्हणणं.

"प्रेयसी?" ताई म्हणाली. "अगं, शेजारीण साखर मागायला आली तरी हा मोरीत जाऊन बसायचा!"

एका रविवारी एक निवृत्त बसकंडक्टर दारात उभा राहिला. हातात पुस्तक. आत यायच्या आधीच म्हणाला, "एकतिसावं पान म्हणजे मी आहे."

पोरीनं पान काढून वाचलं.

तिकिटावरची शाई पुसट झाली तेव्हा
तुम्ही माणसांचे चेहरे वाचू लागलात.

"हे मीच सांगितलं होतं त्यांना," कंडक्टर म्हणाला. "चष्मा कानावर बसतो की नाही बघायला तेवढे ते बाहेर यायचे. काडी वाकवायची, टोचतंय का विचारायचं, संपलं. पण इतक्या जवळ येऊन गप्प उभे राहायचे की आपणच बोलायला लागतो. बायकोला सांगितलं नाही ते त्यांना सांगून बसलो."

पोरगी उठली. पेटीतून ते पाकीट शोधून आणलं आणि उलटं केलं. बाहेरच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलं होतं: कंडक्टर. खाली तारीख आणि चष्म्याचा नंबर. तिनं पेटीतली आणखी दोन-चार उलटी करून पाहिली.

"ताई, मी गाढव आहे. नुसती आतली बाजू उतरवली. बाहेरचं दुकानाचं म्हणून सोडून दिलं."

ज्याचं पाकीट, त्याची कविता.

त्यानंतर एक नर्स आली, एक शिंपी आला. एका आजोबांना नातवानं धरून आणलं. प्रत्येकाला आपलं पान सापडलं होतं. ताई त्यांना चहा करून द्यायची, भावाबद्दल पोटभर ऐकायची. माणसं गेली की मात्र ती गप्प व्हायची. एकदा भाजी निवडता निवडता, मान वर न करता, तिनं विचारलं, "माझंही पाकीट असेल ना गं? माझा चष्मा त्यानंच केलाय."

"बघते," पोरगी म्हणाली.

तीन दिवस ती खाली आली नाही. ताई काय समजायचं ते समजली. चौथ्या दिवशी सकाळी गुडघे धरत जिना चढली.

"नाहीये ना?"

"आहेत. सात आहेत. सगळ्यांवर 'ताई' लिहिलंय." पोरीचे डोळे सुजले होते. "पण आतून कोरी आहेत हो. मी कागदावर दोन ओळी लिहून बघितल्या, त्यांच्या अक्षरात. तुम्हाला द्यायला. जमल्यासुद्धा. मग फाडून टाकल्या."

"बरं केलंस." ताई खाटेच्या कडेला टेकली. "मी तरी त्याला काय सांगितलं म्हणा. जन्मभर नुसती बडबड केली." मग एकदम मान वर करून म्हणाली, "पण सात कशी? माझा चष्मा एकच. वीस वर्षं झाली, नंबरसुद्धा बदलला नाही माझा."

पोरीनं पाकिटं तारखांप्रमाणे खाटेवर मांडली. पहिल्यावर नंबर होता एक. तीन वर्षांनी सव्वा. मग दीड. पावणेदोन. दोन. सव्वादोन. अडीच. शेवटची तारीख तो जायच्या चार महिने आधीची.

ताईनं चष्मा काढून उलटसुलट करून पाहिला. फ्रेम तीच, डाव्या काडीवरचा ओरखडाही तोच.

"कधीकधी सकाळी पेपर अगदी लख्ख दिसायचा," ती म्हणाली. "मला वाटायचं, यानं चष्मा पुसून ठेवलाय. पेपर जरा लांब धरला की माझ्याकडे टक लावून बघायचा. मी खेकसायची, काय बघतोस म्हणून." मग ती उसळली. "पण काचा गुपचूप कशाला बदलायच्या? तोंड नव्हतं याला? सांगायचं ना, ताई, नंबर वाढला!"

"सांगितलं असतं तर?"

ताईनं पदरानं नाक पुसलं. "तर म्हातारी झाले म्हणून आठ दिवस घर डोक्यावर घेतलं असतं मी. माहीत होतं त्याला."

"पुढच्या आवृत्तीत घालूया का हे?"

"काय घालशील? पाढे?" ताईनं पाकिटं गोळा करून कमरेला खोचली. "ही माझी आहेत. आणि चप्पल घाल. दोन महिने झाले, पेपर नीट दिसत नाहीये. मला वाटत होतं, रडून रडून झालंय."

दुकानात आता नवा माणूस होता. त्यानं ताईला खुर्चीवर बसवलं आणि आधीचा नंबर विचारला.

"अडीच," ताई ताठ बसून म्हणाली. "माझ्या भावानं काढलेला आहे. तिथून पुढं मोजा."