झोपाळ्यावर अडकलेले दोघे
निलगिरीच्या तेलाचा वास आला की तंजावूरच्या आमच्या घरातली ती उकाड्याची दुपार आठवते. डॉक्टरांनी मला वजन उचलायला मनाई केली होती. पण हे कळलं तर माझे थकलेले वडील, अप्पा, उठताना आधारासाठी मला हाक मारणंच सोडतील, म्हणून मी कंबरदुखी लपवली होती. त्या दिवशी झोपाळ्यावरून त्यांना उठवायला मोठ्या ऐटीत वाकलो आणि कळवळून त्यांच्याच शेजारी बसलो. "ऐयो! आता तुला कोण उठवणार रे?" अप्पा खो खो हसले. बायको बाजारातून येईपर्यंत आम्ही दोघंही अडकलो. त्यांनी वेष्टीच्या, म्हणजे तमिळ धोतराच्या, कनवटीतली बाटली काढून माझ्या कंबरेला तेल चोळलं आणि पायाच्या अंगठ्याने हळूच झोका दिला. पन्नाशीचा मी, चक्क पेंगलो. हल्ली कंबर दुखत नसली तरी कण्हत त्यांच्या शेजारी जाऊन बसतो.